तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रोन एवढा हळू का उडवतो?

हा प्रश्न मला नवरदेवाच्या काकांनी विचारलाय, मंगल कार्यालयाच्या मॅनेजरनं विचारलाय, दुसऱ्या ड्रोनवाल्यांनी विचारलाय आणि घरात बायकोनंही विचारलाय. शब्द थोडे इकडचे तिकडे. "कामून एवढं हळू उडवायलास? बॅटरी उतरली का?" "दादा, वर घ्या की जरा, मांडव दिसू द्या." एका वरातीत तर एकानं रिमोट घ्यायला सरळ हातच पुढे केला, "आण, मी दाखवतो" म्हणून. डीजे चालू असतो, मी काहीतरी पुटपुटतो आणि वेळ मारून नेतो. आता एकदाच लिहून टाकतो. जमेल तेवढं शांतपणे.

उंचीचं आधी संपवू. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे सरकारी नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात 120 मीटरपर्यंत जाता येतं. माझा ड्रोन 250 ग्रॅमच्या आतला, म्हणजे नॅनो. त्याला पायलटचं प्रमाणपत्रही लागत नाही. म्हणजे वर जायला मला कुणी अडवलेलं नाही, आणि मला भीतीही वाटत नाही. रिमोटची डावी स्टिक वर ढकलली की ड्रोन वर जातो, त्यात कसब काही नाही. 100 मीटरवरून मांडव, उसाचे फड, माजलगावचं धरण, सगळंच देखणं दिसतं, आणि हात थरथरला तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

जवळ आलं की येतं. 30 मीटर लांबच्या वस्तूसमोरून ड्रोन ज्या वेगानं सरकतो, त्याच वेगानं 3 मीटरवरून गेला तर ती वस्तू फ्रेममधून दहापट जोरात पळते. ड्रोनचा वेग तोच आहे, पळतंय ते चित्र. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर मांडवाच्या दारावरचं तोरण मग सरकत नाही, उड्या मारतं. म्हणून जवळच्या शॉटला सेकंदाला अर्धा मीटर, कधी त्याहून कमी. एवढ्या हळू माणूस चालला तर लोक विचारतील, पाय दुखतो का.

"मग सिने मोड कशाला दिलाय?" हे नव्या पोरांचं. सिने मोडमध्ये वेगाला लगाम बसतो, पण 3 मीटरवर तोही पुरत नाही. मी त्याच्यावर एक्स्पो कमी करून ठेवतो, म्हणजे स्टिक मधल्या भागात मऊ होते, थोडी हलवली तर ड्रोन थोडाच हलतो. गिंबलचा, म्हणजे कॅमेरा वरखाली फिरवणाऱ्या सांध्याचा, वेगही खाली आणतो. आणि स्टिक अंगठ्यानं ढकलायची नाही. अंगठा आणि तर्जनीत, चिमटीत कुंकू धरावं तशी धरायची. सगळ्यात जास्त शॉट बिघडतात ते शेवटी. पोरं शॉट झाला की स्टिक सोडून देतात. आतली स्प्रिंग तिला खटकन मधोमध आणते, ड्रोन ब्रेक मारतो, चित्र मान टाकतं. स्टिक सावकाश मध्ये आणायची, ड्रोन थांबू द्यायचा, रेकॉर्डिंग त्यानंतर बंद करायचं. सुरुवातही तशीच: आधी रेकॉर्डिंग, मग चाल.

"एडिटिंगला स्लो करून घ्या की!" करून बघितलंय. 50 फ्रेमवर काढायचं, 25 वर चालवायचं, वेग निम्मा. पण हिसका बसला असेल तर तोही निम्म्या वेगानं दिसतो, म्हणजे दुप्पट वेळ दिसतो. शिवाय माणसं पाण्याखाली चालल्यासारखी होतात. वरमाई अक्षता टाकतेय आणि अक्षता हवेतच रेंगाळतायत, हे कुणाला आवडत असेल तर माझी ना नाही.

उन्हाचं थोडक्यात सांगतो. माझ्या ड्रोनचं भिंग एफ 1.7 वर कायमचं बसवलेलं आहे, लहानमोठं करता येत नाही. चित्र मऊ सरकायला 25 फ्रेमला शटर 1/50 च्या आसपास हवं. आपल्याकडच्या एप्रिलच्या दुपारी त्यासाठी 64 चा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी काळी काच, सुद्धा कमी पडतो. तेव्हा फिल्टर बदलताना मी "टाइमपास" करत नसतो. आणि हळू उडवल्यानं बॅटरीही वाचत नाही. ड्रोनची बरीचशी ताकद नुसतं हवेत टिकून राहण्यातच जाते. दोन बॅटऱ्यांत मला मोजकेच शॉट मिळतात, हे खरं आहे. नवरदेवाच्या काकांचं तेवढं मला मान्य आहे.

आता ज्यांना वाटतं मी जन्मापासून असा शहाणा आहे त्यांच्यासाठी. ड्रोन घेतला तेव्हा मी स्पोर्ट मोडशिवाय उडवत नव्हतो. उसावरून सुसाट, कार्यालयाच्या कमानीवरून उसळी, वर जाऊन गोल गिरकी. स्पोर्ट मोडमध्ये अडथळे ओळखणारे सेन्सर बंद असतात, हे माहीत असून. आज तो पोरगा भेटला तर मला विचारेल, "काय रे, कुणाला घाबरलास?" मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. त्याच्याच शॉटवर तालुक्यात माझं नाव झालं, पहिली बुकिंगं त्यानंच आणली. त्याला एवढंच सांगेन, की माझ्या मावशीच्या दिरांच्या रानात जाऊन ये, मग बोल.

2025 च्या सप्टेंबरात सिंदफणेला आलेल्या पाण्याबद्दल इथल्या माणसाला नव्यानं काय सांगायचं. मावशीचे ते दीर म्हणजे तात्या. त्यांचं रान नदीला लागून. पाणी ओसरल्यावर तात्यांचा फोन आला, "पोरा, तुझं ते इमान घेऊन ये. वरून शूटिंग काढ, साहेबाला दाखवायचंय." मी संध्याकाळी पोहोचलो. ऊन कलतं होतं, ते असं असतं की दगडही सोन्याचा दिसावा. मी सवयीनं ड्रोन वर नेला. गाळाच्या वळणावळणाच्या नक्ष्या, मधूनच चमकणारं पाणी, पलीकडं नदीचा मोठा तांबूस पट्टा. मला मनातून शॉट आवडला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण आवडला.

ओट्यावर बसून मोबाइलवर दाखवला. काकू डोळे बारीक करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे कुठलं धरण म्हणायचं?"

"आपलंच रान हाय की," तात्या म्हणाले.

"आपल्या रानात हीर हाय. हितं कुठाय?"

विहीर गाळानं काठापर्यंत भरली होती, वरून ती दिसणारच नव्हती. तात्यांनी मोबाइल हातात घेतला, जवळ नेला, लांब धरला, आणि काही न बोलता मला परत दिला. "चांगलं काढलंय," एवढं म्हणाले. ते खोटं नव्हतं. चांगलंच काढलं होतं. मला तिथं बसवेना. मी ड्रोन उचलला आणि परत रानात गेलो, पण वारा सुटला होता आणि एवढ्या हलक्या यंत्राला झुळूकही पुरते. खाली आणला की लोटला जायचा. अंधार पडला. मुक्काम केला.

सकाळी सातला पान हलत नव्हतं. वरच्या अंगाला तात्यांची काळी माती थोडी शिल्लक होती, कंबरेएवढी जाड, आणि मग एकदम कडा. कड्याच्या माथ्यावरून सोयाबीनची मुळं लोंबत होती, खाली पिवळा मुरूम आणि गोटे. ड्रोन मी कड्यापासून दोन मीटरवर, जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर धरला आणि आडवा सरकवायला लागलो. अजून खाली गेलो असतो तर पंख्यांच्या वाऱ्यानं मुळं हलली असती, ते मला नको होतं. एक खांब वाकून वायर खाली आली होती, वीज बंदच होती. असली बारीक वायर ड्रोनच्या सेन्सरला दिसत नाही, ती आपणच लक्षात ठेवायची. मधे डबकं होतं. जमिनीजवळ असताना ड्रोन पोटाखालच्या कॅमेऱ्यांनी खालची खूण धरून स्थिर राहतो. सपाट गढूळ पाण्यावर त्याला धरायला खूण सापडत नाही आणि तो गुपचूप वाहवायला लागतो. त्याला तेवढाच उलटा दाब द्यायचा, पण चित्रात कळता कामा नये. बोटं आखडली. तात्या माझ्या मागून चालत होते, मी सांगितलं नव्हतं तरी कॅमेऱ्यात येऊ नये एवढं अंतर ठेवून. शेवटी विहीर आली, म्हणजे विहिरीचा सिमेंटचा काठ आणि आत सपाट गाळ. तिथं स्टिक सावकाश मधे आणली. ड्रोन थांबला.

तो व्हिडिओ काकूंनी बघितला तेव्हा त्या एकेक नाव घेत गेल्या. ही ठिबकची मेन लाइन. हा बांधाचा दगड, हा तर खाली होता, इथं कसा आला. हा स्टार्टरचा डबा. हे आपलं नाही, वरच्या पाटलांच्या रानातून आलंय. मग हीर. मग परत पहिल्यापासून लाव म्हणाल्या. मी लावला. वेग थोडा जरी जास्त असता तर दगड ओळखायच्या आत निघून गेला असता. मी हळू का उडवतो, याचं माझ्याकडचं उत्तर हे आहे.

इथंच थांबलो असतो तर तुम्हालाही पटलं असतं आणि मलाही. पण पुढचंही सांगायला पाहिजे. पंचनामा झाला तो फॉर्मवर आणि मोबाइलच्या फोटोंवर. व्हिडिओ कुणी मागितला नाही, उंचावरचाही नाही आणि जवळचाही नाही. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47,000 रुपये रोख जाहीर झाले. क्षेत्र मोजलं जातं, मुळं मोजली जात नाहीत. त्यात कुणाची चूक आहे असं माझं म्हणणं नाही, कागद असाच चालतो. आणि दोन्ही व्हिडिओ मी इन्स्टाग्रामवर टाकले तेव्हा उंचावरचा लोकांनी उचलून धरला, ओळखीपाळखीच्या पलीकडे गेला. जवळचा कुणी शेवटपर्यंत बघितलासुद्धा नाही, आकडे मला दिसतात.

माझा भाचा माझ्यासोबत काम करायचा, आता त्याचा स्वतःचा ड्रोन आहे. तो मला म्हणाला, "मामा, तुमचा हळू शॉट काकूंनी बघितला. माझ्यासारख्याचा वरचा शॉट बघून पुण्यातल्या माणसाला कळलं की पूर आलाय. आता कुणाचा कामाचा?" मी त्याच्यावर चिडलो. एक रान म्हणजे मराठवाडा नाही, हे मलाही कळतं. किती गेलं ते वरूनच दिसतं. पण काय गेलं ते वरून दिसत नाही. तो म्हणाला, बघणाऱ्याला "किती"च हवं असतं. आमचं बोलणं तिथं तुटलं आणि खरं सांगायचं तर काम एकत्र करणंही तिथंच तुटलं. मावशीला अजून वाटतं पैशांवरून झालं. त्याचे रील चांगले चालतात. मी बघतो, गुपचूप. त्याच्या गिरक्या माझ्या जुन्या गिरक्यांपेक्षा चांगल्या आहेत. शेवटी स्टिक मात्र अजून सोडतो.

मधे एका लग्नात मी अर्धा दिवस त्याच्यासारखं उडवून बघितलं. पार्टी खूश, मी पण खूश होतो, उगाच कशाला नाही म्हणू. रात्री फुटेज बघताना नवरीचे वडील कुठं दिसतात ते शोधत होतो. दोन-तीन ठिकाणी दिसले, पण ते फेट्यावरून ओळखायला लागले. आता त्या वडिलांना तरी त्यानं काय फरक पडला असेल? त्यांनी आल्बमचे पैसे वेळेवर दिले.

तर लग्नसराईसाठी फोन करणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो. वरातीचा आणि मांडवाचा एक उंच शॉट मी देतो, मागायची गरज नाही. तोरण, हळदीचं ताट, देवघर, वाड्याचा जुना दरवाजा, हे सगळं हळूच होणार आणि त्याला वेळ लागणार. हळदीच्या वेळी कुणीतरी रांगोळीपासून लोकांना लांब ठेवा, ड्रोन मी ठेवतो. रिमोटला हात लावायचा नाही. आणि हे जमणार नसेल, वरून गिरक्याच पाहिजे असतील, तर भाच्याचा नंबर माझ्याकडं आहे. मागा, देतो. मी पाठवलं म्हणून सांगू नका.