मेन रोल

परवा दुपारी जेवून जरा आडवी होणार तेवढ्यात बहिणीचा फोन, की पोरीला गॅदरिंगमध्ये मेन रोल मिळालाय, स्लीपिंग ब्यूटीचा, तर तुझी ती गुलाबी माहेश्वरी साडी दे, गाऊन शिवून घेते. माहेश्वरी कापायची! म्हटलं आधी पोरीला दे फोन. पोरगी रडवेली. "मावशी, मला ना झाडी व्हायचंय. झाडीवाल्यांचा डान्स आहे, मला तो बस सोना है."

डायलॉग किती, तर एकही नाही. बाईसाहेब पूर्ण वेळ टेबलावर आडव्या.

मला हसू आलं आणि खरं सांगू, थोडा हेवाही वाटला. शंभर वर्षं झोप आणि दुधाची पिशवी आत घेतली का म्हणून विचारायला कोणी नाही. आणि त्या राजपुत्राला आपण उगाच भाव देतो, ग्रिमबंधूंच्या गोष्टीत तो पोचतो तेव्हा शंभर वर्षं भरलेलीच असतात, काटे आपणहून फुलं होऊन बाजूला सरकतात, म्हणजे हा फक्त टायमावर आला. याउलट त्यांच्या १८१२ च्या पुस्तकातली पहिलीच गोष्ट बेडकाची, तिथे राजकन्या बेडकाची पापी वगैरे घेत नाही, वैतागून सरळ भिंतीवर आपटते, आणि मग त्याचा राजपुत्र होतो. हे भाचीला सांगितलं तर म्हणाली मग बेडूकवाला नाटक का नाही केला.

माझा स्वतःचा मेन रोल असाच होता, रामबागेतल्या घरी, ट्रे घेऊन. इंदूरात घरी पोहे करून दाखवायचे म्हणजे जरा गंमतच, आमचे कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून आलेले, वरून घरचा जिरावण मसाला भुरभुरवलेला. मुलाच्या आत्याने विचारलं कोणी केले, आई म्हणाली हिनेच. मी मान खाली घालून गप्प. सगळ्यांना वाटलं काय लाजाळू मुलगी. लग्न झालं, पोह्यांचं अजून कोणाला माहीत नाही.

आजीच्या गोष्टींमध्ये असल्या झोपणाऱ्या बायका नसायच्याच. चिऊताई दार उघडत नाही म्हणजे नाही, बाळाला न्हाऊ घालते, पावडर लावते, कावळा भिजतोय तर भिजू दे. आणि ती म्हातारी! वाघ समोर उभा आणि ही त्याला म्हणते, लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. येताना भोपळ्यात बसून वाघालाच वर विचारते, कसली म्हातारी नि कसलं काय, चल रे भोपळ्या टुणुक टुणुक. आजी हे म्हणताना मांडीवर मला असं उडवायची की दात वाजायचे.

परवा फोन ठेवल्यावर पहिल्यांदाच डोक्यात आलं, की एवढं जंगल, एवढे वाघ, मग ही म्हातारी परत का निघाली? लेकीकडेच का नाही राहिली? लहानपणी कधी विचारलं नाही, भोपळा कधी फुटतो याच्यावरच लक्ष.

आजी आईची आई. देवासहून बसने यायची, तासाभराचा रस्ता, हातात एक कापडी पिशवी. चार दिवस राहायची, पाचव्या दिवशी सकाळी पिशवी दारापाशी ठेवलेली असायची, बाबा सरवटे स्टँडवर सोडायला जायचे. लेकीच्या घरी जास्त राहू नये असं तेव्हा सगळेच म्हणायचे, तीसुद्धा. आईने "राहा ना अजून" म्हटलेलं मी एकदा ऐकलंय, आजी त्यावर काय म्हणाली ते आठवत नाही. पोळीवर तूप मात्र ती आमच्याकडे भरपूर घ्यायची.