नाताळासाठी गरमागरम चोरीस-चीज पाव

आज नाताळाच्या पाहुण्यांसाठी चोरीस-चीजचे छोटे पाव केले. 12 पावांना 200 ग्रॅम गोव्याचं चोरीस (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज) पुरतं. आधी दोरा आणि वरचं आवरण काढा. चोरीस सलामीसारखं थेट खायचं नसतं, ते कच्चंच असतं. म्हणून पाव वाटी पाणी घालून मंद आचेवर 20 मिनिटं शिजवायचं. पाणी आटलं की चरबी सुटते, त्यातच एक मोठा कांदा परता. तेल नको, मीठ तर मुळीच नको. मीठ आणि व्हिनेगर त्यात भरपूर असतं.

पाव बिघडतो तो याच चरबीमुळे. सारण चाळणीत निथळून पूर्ण गार करा, नाहीतर पावाचा तळ ओला होऊन फाटतो. पाव कापून आतली बाजू तव्यावर कोरडी भाजली की तोही धोका टळतो.

चीजमध्ये 100 ग्रॅम मोझरेला तारेसाठी आणि 50 ग्रॅम प्रोसेस्ड चीज. प्रोसेस्डमधल्या क्षारांमुळे वितळल्यावर तूप वेगळं होत नाही. नुसतं जुनं चेडर घातलं तर हमखास तेल सुटतं. चीज घरीच किसा; तयार किसाला स्टार्च लावलेला असतो, तो नीट वितळत नाही.

निथळलेली लाल चरबी पावांवर ब्रशने लावा (ही टाकू नका, सगळी चव तिच्यात आहे!). ओव्हनमध्ये 180 अंशांवर फॉइल झाकून 8 मिनिटं, मग उघडे 3-4 मिनिटं. सारण आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवता येतं, पण पाव भरायचे ते पाहुणे दारात आल्यावरच.