तुम्ही विचारलेत म्हणून: सप्टेंबरात मी गप्प का होते

२०२५च्या नवरात्रात, २८ सप्टेंबरच्या रविवारी, न्यू जर्सीतल्या एडिसन गावी एका मैत्रिणीकडे भोंडला होता. सकाळपासून तिच्या दिवाणखान्यात आशिया चषकाचा अंतिम सामना लागलेला होता; दुबईत भारताने दोन चेंडू राखून पाकिस्तानला हरवले तेव्हा आमच्याकडे दुपारचे अडीच वाजत आले होते, आणि लगेच घरभर पेढे फिरले. त्यानंतर पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरायला सगळ्याजणी उठल्या, तेव्हा मी पर्स उचलली, बाहेर गाडीत जाऊन बसले आणि रेडिओ लावला, कारण मायामीत न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाचा हंगामातला १६२वा आणि शेवटचा सामना सुरू होत होता. मैत्रिणीच्या सासूबाईंनी मला खिडकीतून पाहिले होते. संध्याकाळी त्यांनी मला जे विचारले, तेच ठाण्याहून आई विचारते आणि ऑफिसातल्या मराठी मैत्रिणीही विचारतात: "अगं, क्रिकेटच्या घरात वाढलेली तू, जिंकलेला सामना सोडून या हरणाऱ्या संघापायी एवढा जीव का जाळतेस? दर सप्टेंबरात गप्प होतेस, मग एकदाचा तो संघ सोडून का देत नाहीस?" काकूंना त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. पण तुम्ही इतक्या जणांनी विचारलेत, म्हणून आता सविस्तर लिहिते.

हरणे आणि कोसळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझा सगळा त्रास दुसऱ्या गोष्टीचा आहे. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी, सलग दहा सामने जिंकून आलेला भारतीय संघ अहमदाबादेत विश्वचषकाचा अंतिम सामना हरला, तेव्हा मीही रडले होते. पण त्या दुःखाला एक तारीख होती, ट्रॅव्हिस हेडची एक खेळी होती, आणि पुन्हा पुन्हा आठवून चरफडावे असे मोजके प्रसंग होते. बेसबॉलचा हंगाम मार्चअखेर सुरू होऊन सप्टेंबरअखेर संपतो आणि तेवढ्यात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज एक. सहा महिने संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या स्वयंपाकघरात रेडिओ लागतो, आणि कुकरच्या शिट्ट्यांमध्ये समालोचकाचा आवाज मिसळून जातो. अगदी अव्वल संघही हंगामात साठेक सामने हरतो, त्यामुळे एप्रिलपासून चाहत्याला एक सवय लागते: आज हरलो, हरकत नाही, उद्या सामना आहेच. हीच सवय सप्टेंबरात दगा देते. संघ घसरणीला लागला आहे हे आठवडा उलटून गेल्यावर ध्यानात येते, कारण पहिले चार पराभव आपण नेहमीप्रमाणे उद्यावर ढकललेले असतात.

मी २००४ साली क्वीन्समध्ये राहायला आले. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक वृद्ध गृहस्थ राहत असत. मी त्यांना मनातल्या मनात आजोबाच म्हणत असे. बेसबॉल मला त्यांनी शिकवला. ते प्रत्येक सामना एका आडव्या वहीत पेन्सिलीने उतरवून घेत: प्रत्येक फलंदाजाला एक चौकोन, तिसऱ्या स्ट्राइकवर (चेंडू हुकला किंवा मारण्याजोगा सोडला की एक स्ट्राइक) बाद झाला तर त्यात इंग्रजी के, आणि तो तिसरा चेंडू बॅट न फिरवता नुसता पाहत राहिला असेल तर तोच के उलटा. २००६च्या ऑक्टोबरात मेट्सचा कार्लोस बेल्ट्रान तिन्ही बेस भरलेले (धावेच्या वाटेवरच्या तिन्ही थांब्यांवर आपले खेळाडू उभे) असताना अॅडम वेनराइटचा वळणारा चेंडू पाहत उभा राहिला आणि मेट्सची वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, हुकली, तेव्हा त्यांनी काढलेला तो उलटा के मला अजून दिसतो. त्या रात्रीही फार लागले होते, पण निदान बोट ठेवायला एक चौकोन होता.

पुढच्या वर्षी तोही उरला नाही. १२ सप्टेंबर २००७ रोजी मेट्स आपल्या गटात सात सामन्यांनी पुढे होते आणि फक्त सतरा सामने उरले होते. इतक्या उशिरा इतकी मोठी आघाडी तोवर कोणी गमावलेली नव्हती. त्या सतरांपैकी मेट्स पाच जिंकले आणि बारा हरले. पाठलागावर असलेल्या फिलाडेल्फियाने आमच्याच शे स्टेडियमवर येऊन तिन्ही सामने घेतले. दहा दिवसांनी गुणतक्त्यात बरेच खाली असलेल्या वॉशिंग्टननेही तिथेच तिन्ही घेतले. तरीही ३० सप्टेंबरच्या रविवारी सकाळी दोन्ही संघ बरोबरीत होते, आणि आजोबा आणि मी सात नंबरच्या गाडीने शे स्टेडियमला गेलो. आदल्याच दिवशी मेट्सनी फ्लोरिडा मार्लिन्सना १३-० असे धुतले होते, त्यामुळे डब्यात सगळे मोठमोठ्याने बोलत होते. मेट्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता टॉम ग्लॅविन, एक्केचाळीस वर्षांचा, ऑगस्टमध्येच कारकिर्दीतला तीनशेवा विजय मिळवलेला. त्याने एक फलंदाज बाद केला, तेवढ्यात धावा होत गेल्या, बेस भरले, आणि समोर मार्लिन्सचा पिचर डॉन्ट्रेल विलिस बॅट घेऊन उभा राहिला. ग्लॅविनचा चेंडू विलिसच्या अंगावर गेला. तिन्ही बेस भरलेले असताना चेंडू फलंदाजाला लागला की धाव आपोआप मिळते. ती धाव फळ्यावर चढली, प्रशिक्षक विली रँडॉल्फ ग्लॅविनकडून चेंडू काढून घ्यायला चालत निघाले, आणि त्याच वेळी लाग्वार्डियावर उतरणारे एक विमान इतक्या खालून गेले की प्रेक्षकांचा ओरडा ऐकूच आला नाही. नुसती उघडी तोंडे दिसली. पहिल्या इनिंगच्या पहिल्या अर्ध्यात सात धावा झाल्या, आणि त्या सातही ग्लॅविनच्या नावावर लागल्या. सामना ८-१ असा गेला. फिलाडेल्फिया जिंकल्याचा आकडाही फळ्यावर आला. आजोबांनी शेवटच्या बादापर्यंतचा एकही चौकोन रिकामा सोडला नाही.

सामन्यानंतर ग्लॅविन म्हणाला की आपण निराश झालो आहोत, उद्ध्वस्त झालेलो नाही. तो शब्द आयुष्यातल्या मोठ्या संकटांसाठी राखून ठेवावा. या एका वाक्याबद्दल न्यूयॉर्कच्या चाहत्यांनी त्याला आजतागायत क्षमा केलेली नाही. माझे मत विचाराल तर शब्दाच्या अर्थाबाबत त्याचेच बरोबर होते. घरात आजारपण असणाऱ्याला, नोकरी गेलेल्याला आपण जो शब्द लावतो तो खेळाला लावू नये. पण त्या स्टेडियममध्ये हजारो माणसे सतरा दिवसांचा हिशेब उराशी धरून बसलेली होती, आणि आपले दुःख केवढे असावे हे त्यांना त्या माणसाकडून ऐकायचे नव्हते. हातातोंडाशी आलेला घास गेल्यावर भुकेने कोणी मरत नाही हे खरेच असते, तरी ते वाढणाऱ्याने सांगायचे नसते.

परतीच्या गाडीत आजोबांनी मला १९५१ सांगितले. ते तेव्हा बारा वर्षांचे, आणि ब्रुकलिन डॉजर्सचे चाहते. ऑगस्टमध्ये डॉजर्स तेरा सामन्यांनी पुढे होते. न्यूयॉर्क जायंट्सनी ती आघाडी पूर्ण भरून काढली, तीन सामन्यांचा निर्णायक फेरा खेळवावा लागला आणि ३ ऑक्टोबरला शेवटच्या इनिंगमध्ये बॉबी थॉमसनने डॉजर्सच्या राल्फ ब्रँकाच्या चेंडूवर होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारून सगळे संपवले. पुढे १९५७च्या हंगामानंतर हे दोन्ही संघ कॅलिफोर्नियाला निघून गेले, आणि १९६२ साली त्यांची जागा भरायला मेट्स आले, डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा नारिंगी रंग अंगावर घेऊन. पन्नास वर्षांनी, २००१ साली, एका वर्तमानपत्राने उघडकीस आणले की जायंट्स त्या हंगामात आपल्या मैदानावर पुढचा चेंडू कसा येणार याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा दुर्बिणीने पाहत होते आणि घंटीच्या तारेने त्या आपल्या खेळाडूंपर्यंत पोहोचवत होते. मी आजोबांना म्हणाले की निदान तुम्हाला गुन्हेगार तरी सापडला. त्यांनी बराच वेळ उत्तर दिले नाही, आणि मग म्हणाले की बातमी वाचल्यावर आपण जुन्या वह्या काढून बसलो होतो, आणि डॉजर्सनी जायंट्सशी न खेळतासुद्धा किती सामने घालवले होते तेच पुन्हा मोजले.

माझ्या गप्प होण्याचे कारण हेच आहे. संघ कोसळतो तेव्हा कोणताही एक सामना दोषी नसतो, आणि म्हणून रागाला टेकायला जागा मिळत नाही. २०११मध्ये बॉस्टन रेड सॉक्स सप्टेंबरच्या सुरुवातीला प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीच्या, जागेसाठी नऊ सामन्यांनी पुढे होते. त्या महिन्यात ते सात जिंकले आणि वीस हरले, आणि शेवटच्या रात्री त्यांचा हंगाम संपला. त्यानंतर सगळे शहर दोषी शोधत फिरले, पिचर मंडळी सामना चालू असताना आत बसून बिअर आणि तळलेले चिकन खातात इथपर्यंत बातम्या आल्या, आणि टेरी फ्रँकोना या प्रशिक्षकाला जावे लागले. चिकनने वीस सामने हरत नाहीत. पण चाहत्याला काहीतरी हातात धरावे लागते, आणि मी त्यांना हसणार नाही.

मेट्सचेच बघा. २००७मध्ये ते एका सामन्याने मागे राहिले. २००८मध्ये सतरा सामने उरले असताना साडेतीन सामन्यांची आघाडी होती, तीही गेली. शेवटून दुसऱ्या दिवशी योहान सँटाना दुखावलेल्या गुडघ्याने पूर्ण नऊ इनिंग टाकून जिंकला, आणि दुसऱ्या दिवशी, २८ सप्टेंबरला, शे स्टेडियममधल्या अखेरच्या सामन्यात मार्लिन्सनीच ४-२ असे हरवले. प्लेऑफच्या जागेला तेव्हाही एकच सामना कमी पडला. २०२५मध्ये तर तेवढाही कमी पडला नाही. त्या वर्षी १२ जूनला ४५ विजय आणि २४ पराभव अशी मेट्सची दोन्ही लीगमध्ये सर्वोत्तम कामगिरी होती. त्याच दिवशी कोदाई सेंगा हा त्यांचा भरवशाचा पिचर पहिल्या बेसवर धावत आला, पीट अलोन्सोने फेकलेला चेंडू जरा उंच आला, सेंगाने उडी मारून तो पकडला आणि खाली आला तो मांडीचा मागचा स्नायू धरूनच. फलंदाज बाद झाला, सामनाही जिंकला. तिथून पुढे ३८ विजय आणि ५५ पराभव. वान सोटोला पंधरा वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर देऊन आणलेले, तरी हे झाले. शेवटी मेट्स आणि सिनसिनाटी दोघांचेही ८३ विजय झाले, आणि आपसातल्या सहापैकी चार सामने सिनसिनाटीने जिंकलेले असल्यामुळे प्लेऑफची जागा त्यांना मिळाली. म्हणजे जूनपासूनच्या त्या ५५ पराभवांपैकी कोणताही एक, मी जो कुकर लावता लावता अर्धा ऐकून बंद केला होता तोसुद्धा, पुरला असता. संघाच्या मालकांनी पुढे चाहत्यांची जाहीर माफी मागितली. ती मनापासून असेल, पण ५५ पैकी कोणत्या संध्याकाळची, हे त्यांनाही सांगता आले नसते.

न्यायाने बोलायचे तर याच संघाला दुसऱ्याचे कोसळणे लाभलेलेही आहे. १९६९च्या ऑगस्टच्या मध्यावर शिकागो कब्ज मेट्सच्या कितीतरी पुढे होते आणि अखेरीस मेट्सच आठ सामन्यांनी पुढे राहून पुढे वर्ल्ड सिरीजही जिंकले. क्वीन्समध्ये त्याला चमत्कार म्हणतात. शिकागोत तो सप्टेंबर वेगळ्या नावाने आठवत असणार.

आणि सोडून का देत नाही? कारण सोडायचे म्हणजे मार्चपासूनच्या त्या सगळ्या चांगल्या संध्याकाळीही खोट्या होत्या असे म्हणायचे, आणि तसे मला म्हणता येत नाही. आजोबा मुलीकडे फ्लोरिडाला राहायला गेले तेव्हा एक कोरी वही मला देऊन गेले. ती संपली, मग मी तशाच दुसऱ्या आणल्या.

त्या रविवारी गाडीत ती वही स्टिअरिंगवर टेकवून मी बसले होते. चौथ्या इनिंगमध्ये मार्लिन्सच्या चार धावा झाल्या. पाचव्यात मेट्सचे तिन्ही बेस भरले, अलोन्सोने चेंडू इतका सणसणीत मारला की रेडिओवर बॅटचा आवाज ऐकून मी पेन्सिल उचललीच होती, आणि तो सरळ लेफ्ट फील्डरच्या ग्लोव्हमध्ये गेला. चौकोनात सात हा आकडा लिहिला. लेफ्ट फील्डरने झेल घेतला की तोच लिहितात. पुढचे चौकोनही भरले. ४-० असा शेवट झाल्यावर रेडिओ बंद करून आत गेले, तेव्हा खिरापत ओळखून झाली होती आणि काकूंनी माझ्या वाटणीची वाटीत झाकून ठेवली होती.