अठ्ठावीस हजारांचा फ्रीज आणि तीन कार्डांचा तक्ता

पतसंस्थेच्या काउंटरमागे बसून लोकांना व्याज समजावण्यात माझी बावीस वर्षं गेली. मुद्दल किती, दर किती, दिवस किती, हे गणित मी चहा पिता पिता तोंडी करतो. त्यामुळे क्रेडिट कार्डाच्या बिलात मी स्वतःच आपटलो हे सांगायला लाज वाटत होती. पण बायकोने ही गोष्ट दोन्हीकडच्या नातेवाइकांत सांगून टाकलीय, तेव्हा आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी, १४ ऑगस्टला, आम्ही कराडात फ्रीज घेतला. घासाघीस करून किंमत २८,००० वर आणली. दुकानातला पोरगा ‘सर, नो कॉस्ट ईएमआय करून देतो’ म्हणून मागे लागला होता. मी त्याला ऐटीत म्हटलं, हप्ते-बिप्ते नकोत, आपण रोखीवाले. आणि कार्ड पुढे केलं. (उधारीच्या कार्डाने पैसे देऊन स्वतःला रोखीवाला म्हणवणं, यातला विनोद तेव्हा कळला नाही.)

१० सप्टेंबरला बिल तयार झालं. भरायची मुदत ३० तारीख. मी ३० तारखेलाच भरलं, कारण व्याज लागत नाही तोवर दुसऱ्याचा पैसा वापरावा हे मला नोकरीनेच शिकवलंय. डोक्यात फ्रीजचे २८,००० पक्के बसलेले, तेवढेच भरले. बिल होतं २८,७४० चं. वरचे ७४० म्हणजे घरातले दोन मोबाइल रिचार्ज.

ऑक्टोबरच्या बिलात व्याजाचा आकडा बघून मला वाटलं, छापताना शून्य जास्त पडलं असणार. ७४० रुपयांवर दहा दिवसांचं व्याज लागून लागून किती लागेल? पाच रुपये, दहा रुपये. पण व्याज ७४० वर लागलंच नव्हतं. ते लागलं होतं पुऱ्या २८,००० वर, आणि तेही मुदतीच्या तारखेपासून नाही, तर फ्रीज घेतला त्या दिवसापासून. १४ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर, ४७ दिवस. दर महिना ३.६ टक्के, म्हणजे साल ४३.२. मांडून बघा: १,५५८ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, २८०. एकूण १,८३८. वर सप्टेंबर-ऑक्टोबरात जे किराणा-पेट्रोल झालं, त्यालाही बिनव्याजी दिवस मिळाले नाहीत. त्या-त्या तारखेपासून मीटर चालू. फक्त फ्रीजपुरतं बोलायचं तर तो आम्हाला २९,८३८ ला पडला, आणि दुकानातल्या पोराशी घासाघीस करून वाचवलेले हजारभर रुपये आले तसे गेले.

मी तावातावाने फोन केला. पलीकडची मुलगी फारच शांत होती. म्हणाली, ‘सर, मागच्या बिलातला एक रुपया जरी बाकी राहिला तरी बिनव्याजी मुदत संपते. अटींमध्ये उदाहरणासह दिलेलं आहे.’ कार्ड घेताना आलेलं पाकीट कपाटातून काढलं. दिलेलं होतं. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत ही गोष्ट ‘सर्वात महत्त्वाच्या अटी व शर्ती’ या कागदात स्पष्ट सांगायलाच लावलेली आहे. म्हणजे चूक सोळा आणे माझी. आमच्याकडे सभासद कर्जरोख्यावर न वाचता सही करतो तेव्हा मी त्याला दोन शब्द ऐकवतो. ते सगळे शब्द त्या दिवशी मला आठवले.

आता थोडं दराबद्दल, कारण धंद्यातला माणूस म्हणून ते मला बोचतं. आमच्या भागात कुणी ‘तीन टक्क्यानं काढले’ म्हणाला, की तो आकडा महिन्याचा समजायचा, आणि ऐकणाऱ्याने हळहळायचं. ती सावकाराची भाषा. पतसंस्थेत आम्ही द.सा.द.शे. लिहितो, दर साल दर शेकडा. कार्डाच्या कागदावर वर्षाचा दरही असतो, पण डोळ्यांत भरतो तो महिन्याचा: साडेतीन, पावणेचार. तीन-साडेतीन म्हटलं की माणसाला ते किरकोळ वाटतं. महाराष्ट्रात परवाना असलेल्या सावकाराला शेतकरी नसलेल्या माणसाला विनातारण कर्ज देताना सालाला १८ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. कार्ड ४२-४५ ला चालतं, आणि ते कायदेशीर आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांवरचं व्याज म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा असं ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला तो निकाल रद्द केला. तेव्हा वरून कुणी छत घालेल या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

तर दिवाळीच्या सुट्टीत मी घरातली तिन्ही कार्डं टेबलावर मांडली. माझं निळं, बायकोचं लाल, आणि हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलीचं काळं. बँकांची नावं लिहीत नाही. तिघांचे अटींचे कागद डाउनलोड करून छापले (अक्षर मुंगीएवढं, चष्म्याचा नंबर वाढायची हमी) आणि आखीव वहीत रकाने पाडले.

माझं निळं ‘लाइफटाइम फ्री’. मॉलच्या दारात टेबल टाकून बसलेल्या मुलाकडून घेतलेलं. वार्षिक फीच्या रकान्यात शून्य, आणि मी आजवर तेवढाच रकाना बघत आलो होतो. पण बाकीच्या रकान्यांत तेच सगळ्यात महाग निघालं. व्याज ३.६, लालचं ३.५. काळ्याचं ३.७५ आहे, पण मुलीचं बिल खात्यातून आपोआप पूर्ण कापलं जातं, म्हणून तिच्यासाठी तो आकडा असून नसल्यासारखा. निळ्यावर पॉइंट वटवायलासुद्धा ९९ रुपये अधिक जीएसटी. मी दोन वर्षं जमवलेल्या १,२०० पॉइंटांचे पंचवीस पैशांप्रमाणे ३०० रुपये झाले होते. त्यातले ११६ रुपये ८२ पैसे बक्षीस उचलण्याची फी म्हणून गेले. आमच्या संस्थेने लाभांश वाटताना अशी फी घेतली तर वार्षिक सभेत खुर्च्या उडतील.

बायकोच्या लाल कार्डाला ४९९ फी. हा आकडाही खरा नाही. कार्डाच्या कुठल्याही फीवर १८ टक्के जीएसटी धरायचाच, म्हणजे ५८८ रुपये ८२ पैसे. वर्षाला एक लाख खर्च केला की फी माफ. तिचा खर्च झाला होता १,०४,०००, तरी फी लागली. का, ते शोधायला मला अर्धी संध्याकाळ गेली. तळटीप चौथी: इंधन, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे आणि ईएमआय या लाखात धरत नाहीत. पेट्रोलचे ९,००० वजा केले की ९५,०००. गेली माफी.

पेट्रोलवरून आठवलं. ‘फ्युएल सरचार्ज माफ’ असं तिन्ही कार्डांवर लिहिलंय. हजाराच्या पेट्रोलवर एक टक्का म्हणजे दहा रुपये लागतात आणि परत येतात. त्यावरचा जीएसटी १ रुपया ८० पैसे परत येत नाही. शिवाय ४०० रुपयांच्या खालचं पेट्रोल असेल तर माफीच नाही, आणि आमची स्कूटर बऱ्याचदा तीनशेतच भागते. रक्कम क्षुल्लक आहे, कबूल. पण खतावणीत एक रुपया ऐंशी पैसे जुळत नसले तर मला रात्री झोप लागत नाही, त्याला काय करणार.

एटीएममधून रोकड काढायचा रकाना मात्र प्रत्येकाने बोट ठेवून वाचावा. तिन्ही कार्डांवर अडीच टक्के, पण कमीत कमी ५००. आमच्या एका सभासदाने रात्री दवाखान्यात ५,००० लागले म्हणून कार्ड घातलं होतं. ५०० फी, ९० जीएसटी. रोकडीला बिनव्याजी दिवस नसतातच, त्यामुळे व्याज त्याच रात्रीपासून. तीस दिवसांचं १७८, त्यावर जीएसटी ३२. पाच हजार महिनाभर वापरायला आठशे रुपये. शेकडा सोळा, महिन्याला. माझ्या ओळखीचा कुठलाही सावकार हा दर स्वतःच्या तोंडाने सांगायला लाजेल. तोच सभासद आमच्याकडून सोनेतारण घेताना अर्ध्या टक्क्यासाठी तासभर वाद घालतो.

उशीर झाला तर लागणाऱ्या दंडाच्या पायऱ्या असतात, शंभर रुपयांपासून तेराशेपर्यंत, बाकी जेवढी मोठी तेवढा दंड मोठा. इथे रिझर्व्ह बँकेची एक सोय आहे: मुदत उलटून तीन दिवसांहून जास्त झाल्याशिवाय दंड लावता येत नाही, आणि लावायचा तो उरलेल्या रकमेवर, पुऱ्या बिलावर नाही. मला दंड लागला नव्हता, कारण ‘किमान देय रक्कम’ म्हणजे बिलाच्या साधारण पाच टक्के मी कधीच ओलांडली होती. ‘किमान देय’ हा शब्द ज्याने काढला तो मोठा कसबी माणूस असला पाहिजे. तेवढी भरली की दंड टळतो, माणसाला वाटतं हप्ता भरला, आणि व्याज मात्र सगळ्या रकमेवर चालू राहतं.

मुलीचं काळं कार्ड बघून मी आधी नाक मुरडलं होतं. फी ९९९, जीएसटी धरून १,१७९, आणि माफी वगैरे काही नाही. ‘एवढी फी कशाला भरतेस, माझ्यासारखं फुकटवालं घे की,’ असं मी तिला दोनदा म्हणालो होतो. ती ऑफिसच्या कामाने तीन महिन्यांसाठी जर्मनीला जाणार होती. परदेशात कार्ड वापरलं की रकमेवर मार्कअप, म्हणजे परकी चलनातल्या खर्चावरचा बँकेचा वरचा आकार, लागतो. माझ्या निळ्यावर ३.५ टक्के, जीएसटी धरून ४.१३. तिच्या कार्डावर २ टक्के, धरून २.३६. ती म्हणाली, ‘पप्पा, तिथे लाखभर तरी खर्च होईल. तुम्हीच करा हिशोब.’ केला. ४,१३० आणि २,३६०, फरक १,७७०. फी वजा जाऊनही सहाशेच्या आसपास तिच्या पदरात. मी वही मिटली आणि चहा टाकायला उठलो.

तिकडून तिने आणखी एक सांगितलं, ते रकान्यात नव्हतं. तिकडच्या दुकानात मशीन विचारतं, पैसे युरोत घेऊ की रुपयांत. आपल्याला रुपये ओळखीचे, म्हणून बोट तिकडे जातं. तसं केलं की मशीनवाला स्वतःच्या भावाने रुपये करतो, आणि तो भाव आपल्या फायद्याचा क्वचितच असतो. युरोच दाबायचं.

पुण्याला असताना ती खोलीभाडं, १८,०००, कार्डाने भरायची, पॉइंट मिळतील म्हणून. भाड्यावर एक टक्का फी, अधिक जीएसटी: महिन्याला २१२ रुपये ४० पैसे, वर्षाला अडीच हजारांच्या वर. आणि तळटिपेप्रमाणे भाड्यावर पॉइंट नाहीतच. हे मी शोधून दाखवलं. जर्मनीच्या हिशोबात गेलेली माझी अब्रू थोडी परत आली.

निळं कार्ड मी बंद केलं. आधी बाकी शून्य केली आणि मग लेखी विनंती दिली. बाकी नसेल तर अर्ज मिळाल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर उशिराच्या दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, हेही त्या २०२२ च्या निर्देशांतच आहे. मी खरं सांगतो, आठवा दिवस उजाडावा म्हणून कॅलेंडरवर खुणा करत होतो. त्यांनी सहाव्या दिवशी बंद केलं. मधल्या काळात तीन फोन आले: मर्यादा वाढवून देतो, हजार पॉइंट देतो, व्याज परत करण्याचं बघतो. हा तिसरा फोन महिनाभर आधी आला असता तर मी कदाचित विरघळलोही असतो.

आता घरात लाल आणि काळं. लालचं बिलही खात्यातून आपोआप कापायला लावलंय. तो पर्याय निवडताना ॲपने ‘किमान देय रक्कम’ आधीच खूण करून ठेवली होती. मी ती काढून ‘संपूर्ण थकबाकी’वर केली आणि बायकोला दोनदा वाचून दाखवली.

तिच्या कार्डाचं वर्ष फेब्रुवारीत संपतं. कालपर्यंत पेट्रोल सोडून ८७,००० झालेत. तिला मी समजावतोय की ५८९ रुपयांची फी वाचवायला १३,००० खर्च करणं हा कुठला हिशोब. ती म्हणते, मिक्सर तसाही घ्यायचाच आहे.