टंकलेखनाच्या बाई

रत्नागिरीत पावसाळ्यातल्या दुपारी, पत्र्यावर सरी कोसळत असताना, मी टायपिंगच्या क्लासात कळा बडवत असे. म्हणूनच स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या स्पॅनिश राजकारणी क्लारा काम्पोआमोर माद्रिदमध्ये प्रौढांना लघुलेखन आणि टंकलेखन शिकवत असत, हे वाचल्यावर त्या एकदम ओळखीच्या वाटल्या. शिवणकाम करणाऱ्या आईच्या या मुलीने १९२४ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, कायद्याची पदवी मिळवली. १९३१ मध्ये स्पेनमधील स्त्रियांना निवडून येता येत होते, मत मात्र देता येत नव्हते (हा कुठला न्याय!). स्त्रिया पाद्र्यांच्या सांगण्यावरून मते देतील या भीतीने स्वतःचा पक्ष आणि व्हिक्टोरिया केंट यांच्यासारखी महिला प्रतिनिधीही विरोधात असताना क्लाराबाई संसदेत ठाम उभ्या राहिल्या आणि १ ऑक्टोबरला १६१ विरुद्ध १२१ मतांनी तो हक्क संमत झाला. १९३३ च्या निवडणुकीत स्त्रियांनी मतदान केले. क्लाराबाई स्वतः मात्र हरल्या.