गुडघा सांभाळा, बूट नंतर

सातारा, मंगळवार, रात्र

भारताची फुटबॉलपटू बाला देवी जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडे गेली. तशीच मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोन क्लबकडून युरोपातली चॅम्पियन्स लीग खेळली. आपल्याकडच्या पोरींना ही नावं तोंडपाठ असतात. कोल्हापूर शेजारीच, त्यामुळे फुटबॉलचं वारं इथंही लागतंच. पण व्यावसायिक खेळाडू किती वर्षं टिकणार, हे पुष्कळदा गुडघा ठरवतो. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला बंध, फुटबॉल खेळणाऱ्या मुलींमध्ये मुलांपेक्षा दोन-तीन पट जास्त वेळा तुटतो.

आणि बहुतेकदा कुणी धडकलेलंही नसतं. पाय जमिनीत रुतलेला, अंग वळलेलं, गुडघा आत झुकलेला. किंवा हेडर मारून सरळ पायावर उतरणं. 'कट्' आवाज आला आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजला, तर मालिशवाल्याकडे नेऊ नका. हाडांच्या डॉक्टरांना दाखवून एमआरआय करा.

यावर फिफाचा 'इलेव्हन प्लस' सराव आहे: वीस मिनिटं, खर्च शून्य. आठ मिनिटं हलकं धावणं, दहा मिनिटं ताकद, उडी आणि तोल, शेवटची दोन मिनिटं वेगात धावणं. यातला नॉर्डिक नावाचा मांडीच्या मागच्या स्नायूचा व्यायाम नीट करणारी पोरगी क्वचितच दिसते. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदारणीने घोटे घट्ट दाबायचे, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत अंग एका रेषेत ठेवून सावकाश पुढे जायचं, तोल सुटला की हातांवर पडायचं. सुरुवातीला तीन ते पाच वेळा बास. कंबर वाकली की भार मांडीच्या मागच्या स्नायूवरून निघून जातो, मग नुसती कवायत. उडीत गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेतच राहायला हवा. मोबाईलवर समोरून शूट केलं की लगेच कळतं. सराव आठवड्यातून दोनदा तरी हवाच. इथं होतं काय, पोरी उशिरा येतात, उजेड जायच्या आत खेळ उरकायचा असतो, मग पहिली कात्री वॉर्मअपलाच.

बुटांचं थोडक्यात. कडक मुरमावर लांब स्टड, म्हणजे बुटाच्या तळाचे खुंट, नकोत, पाय अडकतो. बारीक रबरी गोट्यांचे टर्फ बूट बरे. सांगलीकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात स्टडमध्ये चिखल भरतो आणि पाय घसरतो, तो चिखल हाफटाइमला काडीने काढावाच लागतो.

ऑपरेशन झालंच तर नऊ महिन्यांच्या आत मॅच नाही. ऑपरेशन झालेल्या एका पायावरची लांब उडी चांगल्या पायावरच्या उडीच्या नव्वद टक्के तरी भरली पाहिजे. क्लबला घाई असते, घरच्यांना त्याहून जास्त. म्हणून करारावर सही करायच्या आधी दोन कलमं वाचायची: ऑपरेशन आणि फिजिओचा खर्च कोण देणार, आणि बाहेर बसलेल्या महिन्यांचा पगार चालू राहणार का. तोंडी 'बघू' म्हणाले, तर ते कागदावर लिहून मागायचं.