तिसरा महिना : एसटी बसनं सोडवलेलं कोडं

इंग्रजी व्याकरणाला बसून तिसरा महिना सरला. काळ बऱ्यापैकी बसलेत. हा अख्खा महिना मात्र अ, ॲन आणि द या तीन शब्दांनीच खाल्ला, आणि मजाही याच महिन्यात सर्वांत जास्त आली.

निमित्त झालं भाचीचं. ती पंढरपूरहून आली, तिला घ्यायला सोलापूर स्टँडवर गेलो होतो. उतरता उतरता विचारते, "मामा, एसटी बसच्या आधी अ का ॲन?" मी म्हणालो, अ. एस व्यंजन आहे ना! "आमच्या बाई तर ॲन म्हणतात." घरी येऊन व्याकरणाचं पुस्तक काढलं. तिच्या बाई बरोबर होत्या.

नियम अक्षराचा नाहीच, उच्चाराचा आहे. एस म्हणताना तोंडातून आधी 'ए' निघतो. तेव्हापासून मी अडलेला शब्द देवनागरीत लिहून बघतो. स्वरानं सुरू झाला तर ॲन, व्यंजनानं झाला तर अ. अवर, ऑनेस्ट, एमएलए, एफआयआर यांना ॲन. युनिफॉर्म, युरोपियन, हॉटेल, वन-रुपी कॉइन यांना अ. सोलापूरला २००४ साली मिळालं तेही अ युनिव्हर्सिटी. स्पेलिंग पाहून जिथं हमखास चुकायचो, तिथं आपली लिपी उत्तर हातात देते. आणि बघायचा तो लगेच पुढचा शब्द : अ टॉवेल, पण ॲन ऑरेंज टॉवेल. ॲन ओल्ड चादर, पण अ व्हेरी ओल्ड चादर.

एक धोका सांगून ठेवतो. आपला उच्चार चुकला की युक्तीही चुकते. वर्ष या अर्थाचा शब्द आपण 'इयर' म्हणतो, लिहितोही तसाच. खरा उच्चार य-नं सुरू होतो, म्हणून अ यिअर. कान या अर्थाचा शब्द मात्र खरंच 'इयर', तिथं ॲन इयर. उलटंही होतं : आमची आजी एसटीला 'यष्टी' म्हणायची, तिच्या तोंडच्या शब्दाला अ-च लागला असता!

द अजून हुलकावणी देतो. "मी एक चादर घेतली. चादर लाल आहे." मराठीत दुसऱ्या चादरीमागं काहीच लागत नाही, इंग्रजीत द हवाच. त्यावर मी वाक्य मनात 'ती चादर' असं म्हणून बघतो. 'ती' शोभली तर बहुतेक वेळा द चालतो. पण नावांपुढं हा उपाय थकतो : नदीला द भीमा, तलावाला मात्र नुसतं सिद्धेश्वर लेक, आणि सोलापूरला काहीच नाही. रविवारी वीस वाक्यं सोडवली. अ आणि ॲनची सगळी बरोबर आली, द-ची पाच चुकली, त्यातली तीन नावांची. पुढचा महिना नद्या, डोंगर आणि गावांचा.